कुमुदिनी रेडीज यांचा अभिप्राय

“आईचं माहेरचं आडनाव कशाला हवंय गो यांना?” रेडीजकाकांनी चष्मा कपाळावर चढवला आणि फॉर्म माझ्यापुढे सरकवला.

“ओळख पटवायला लागतं, काका.”

“तिला जाऊन बेचाळीस वर्षं झाली. आता तिची ओळख कुणाला पटवायची?”

तरी त्यांनी लिहिलं. पेन्सिलीने, सावकाश, एकेक अक्षर चौकटीत बसवत. बाजारातल्या सायबर कॅफेतून त्यांनी नामप्रहरी कंपनीचा तो फॉर्म छापून आणला होता. आधी कागदावर भरायचा आणि मग मी तो वाचनालयाच्या संगणकावरून पाठवायचा, असा त्यांचा बेत होता. श्रीधर रेडीज एसटीच्या देवरुख आगारात वाहतूक नियंत्रक होते. निवृत्त होऊन चौदा वर्षं झाली तरी कुठलाही कागद ते गाड्यांच्या वेळापत्रकासारखाच हाताळत. शेजारी त्यांची फाइल उघडी होती. आधार, पॅन, पेन्शनचं पुस्तक, बँकेचं पासबुक, प्रत्येकाच्या दोन दोन झेरॉक्स आणि त्यांना टाचण्या.

बुधवार होता, दुपारचे तीन वाजले होते. एक ते चार वाचनालयाची देवघेव बंद असे. आत आम्ही दोघं आणि माझी आई. आई तिथली ग्रंथपाल. सगळं गाव तिला बेंडलबाई म्हणे. ती मागच्या टेबलाशी आमच्याकडे पाठ करून पुस्तकांना खाकी कव्हरं घालत बसली होती. मी तिची एकुलती एक मुलगी, तेव्हा एकोणतीस वर्षांची. पुण्यातली नोकरी सुटल्यावर घरी परतले होते आणि रोज दुपारी वाचनालयाच्या संगणकावर बसून पुण्याच्याच एका कंपनीचं काम करत होते. आमच्या घरी इंटरनेट धड चालत नसे.

“हे नामप्रहरी भरवशाचं आहे ना?” काकांनी विचारलं. “तू या कामातली आहेस म्हणून विचारतो. गेल्या महिन्यात आठल्येगुरुजींच्या नावावर कुणीतरी दोन सिमकार्डं काढली. तेव्हापासून मला रात्री डोळ्याला डोळा नाही.”

“तुम्हाला याच्याबद्दल कुणी सांगितलं?”

काकांनी फाइलच्या तळातून आणखी एक कागद काढला, त्याची घडी उलगडली आणि तळहाताने सपाट केली.

“कुमूनं,” ते म्हणाले.

कागदावर एका वेबसाइटचं पान छापलेलं होतं. ‘आपल्या जवळच्या ग्राहकांचे अभिप्राय’ असं वर, आणि खाली: कुमुदिनी रेडीज, वय ६७, देवरुख. पाच तारे. ‘दाराला कडी लावलेली असली की झोप लागते. नामप्रहरी घेतल्यापासून मला अशी झोप लागते. माझ्या नावाने आता कुणी काही करू शकणार नाही.’

कुमुदिनीकाकूंना जाऊन तेव्हा चौदा महिने झाले होते. तो अभिप्राय मी लिहिला होता.

वेबसाइटचं नाव होतं ‘पारखून घ्या’. आपल्या नावावर दुसऱ्या कुणी कर्ज काढू नये, आपल्या आधारवर सिम घेऊ नये, म्हणून पहारा ठेवणाऱ्या कंपन्या त्या काळात नुकत्या निघत होत्या. त्यांतली कुठली चांगली आणि कुठली वाईट, हे आम्ही म्हणे कुणाचीही बाजू न घेता सांगत होतो. आठ कंपन्यांचा तक्ता, गुण, तारे आणि खाली ग्राहकांचे अभिप्राय. तक्त्यात पहिला नंबर कायम नामप्रहरीचा यायचा, कारण तक्ता करणारे आणि नामप्रहरी चालवणारे एकाच मालकाचे नोकर होते. अभिप्राय आम्ही सहाजण लिहायचो. मराठीतले सगळे माझे.

त्या कामाचीही एक रीत होती. केतन नावाचा माझा वरिष्ठ पुण्याहून फोनवर शिकवायचा. “सगळ्यांनी पाच तारे द्यायचे नाहीत. दहात एकाने चार द्यायचे. विसात एकाने कुरकुर करायची, ॲप उघडायला वेळ लागतो वगैरे. जरा कुरकुर असली की लोकांना खरं वाटतं.” तीन आठवड्यांनी त्याने माझी नावंच नापास केली. “अगं शलाका, ही नावं कसली? अद्वैत काय, शर्वरी काय! सिरियल लिहितेस का? अशी माणसं आधारची झेरॉक्स काढायला रांगेत उभी राहतात का? गावातली नावं आण.”

गावातली नावं माझ्या पाठीमागच्याच कपाटात होती. वाचनालयात वजा सभासदांची एक नोंदवही असते: गाव सोडून गेलेले, वर्गणी न भरलेले, वारलेले. त्यांतले मी वारलेले निवडले. जिवंत माणसाचं नाव वापरणं मला बरं वाटेना. मेलेल्या माणसाचं कोण काय नेणार, असा विचार मी केला आणि त्याला सभ्यपणा समजले.

वाक्यंसुद्धा तिथलीच होती. आमच्या वाचनालयात अभिप्रायांची वेगळी वही होती, आईने सुरू केलेली. पुस्तक परत करणाऱ्याला ती ‘आवडलं का?’ असं कधी विचारत नसे. ‘कुठे थांबलात?’ असं विचारी. पुस्तक संपवलं असेल तर एक ओळ लिहायची, अर्ध्यात सोडलं असेल तर ज्या पानावर सोडलं त्याचा आकडा घालून लिहायची. न वाचता अभिप्राय लिहिणाऱ्याच्या हातातून ती वही काढून घेई. एका माजी नगरसेवकाच्या हातातूनही तिने ती काढून घेतली होती. पंचवीस वर्षांत अशा सात वह्या भरल्या होत्या. खरी माणसं कशी बोलतात ते त्या वह्यांत होतं आणि मला चाळीसेक खऱ्या माणसांची गरज होती.

नावांना मी लांबची गावं लावत असे. जालना, तुमसर, शहादा. पण त्या एका ओळीत नोंदवहीतला पत्ता तसाच उतरून गेला होता.

“बघ, तारीख गेल्या महिन्यातली आहे,” काका कागदावर बोट ठेवून म्हणाले. “आणि कुमू गेली गेल्या वर्षी माघात. संगणकाची चूक असेल. होते ना गो अशी चूक?”

“होते,” मी म्हटलं.

मागे आईची कात्री कागदातून सरळ चालत गेली.

“हां. मला वाटलंच.” काकांनी पुढचं पान घेतलं. “तिनं आधीच लिहून ठेवलेलं असणार, यांनी आता छापलं. पण मला बोलली नाही बघ. माझं आणि तिचं, दोघांचं करून ठेवलंन असेल, नाही? तशी ती हुशार. रात्री दोनदा उठवायची मला. कडी लावलीत का हो? अगो लावली. बघून या. मी उठून बघून यायचो.” ते जरा थांबले. “आता कुणी उठवत नाही, तर मी आपला आपणच उठतो.”

मी फॉर्मच्या चौकटींकडे बघत राहिले.

सुरुवातीला मी खोटे अभिप्राय लिहीत होते, पण त्यामुळे कुणाचं काय होतं हे मला ठाऊक नव्हतं असं म्हणायची सोय होती. महिन्यापूर्वी ती सोयही गेली होती. केतनने मला आणखी एक काम दिलं होतं: वेबसाइटवर येणाऱ्या मराठी तक्रारी पुसून टाकायच्या. अकरा आल्या होत्या. अकोल्याच्या एका निवृत्त परिचारिकेने लिहिलं होतं की नामप्रहरीला कागद दिले आणि अडीच महिन्यांत माझ्या नावावर दोन कर्जं निघाली. ज्यांना पहाऱ्याला बसवलं त्यांच्याचकडून कागद बाहेर गेले. इतर दहा जणांची कहाणी थोड्याफार फरकाने तीच. मी केतनला फोन केला होता.

“हे खरं आहे का रे?”

“आपण वेबसाइट आहोत, शलाका. कंपनी नाही.”

“पण मालक एकच आहे.”

“तुला पगार कोण देतं? वेबसाइट. मग?”

मी अकराही तक्रारी पुसल्या होत्या. त्यामुळे टाचण्या लावलेली ती फाइल कुठे जाईल आणि पुढे तिचं काय होईल, हे त्या दुपारी देवरुखात एकट्या मला ठाऊक होतं.

“बँकेचा खाते क्रमांक. घातला,” काका स्वतःशीच बोलत होते. “पेन्शन ज्यात येते तोच घालायचा ना?”

“काका, आज घाई आहे का? उद्या भरू या.”

“उद्या कशाला? उद्याचं काय ठेवलंय? आगारात मी कधी गाडी उद्यावर ढकलली नाही.” त्यांनी मान वर केली. “का? काही अडचण आहे?”

“नाही. इंटरनेट आज जरा हळू आहे.”

“मला कुठे जायचंय? मी बसतो. चार वाजेपर्यंत बसतो.”

त्यांनी शेवटचं पान काढलं. सहीची चौकट होती. पेन्सिल खिशात ठेवून त्यांनी हात पुढे केला. “पेन दे तुझं. सही काही पेन्सिलीने चालायची नाही.”

मी पेन दिलं. तेवढ्या क्षणाची मला आजही लाज वाटते; पेन मी खरोखरच दिलं.

त्यांनी टोपण काढलं, मागे लावलं, पेन कागदापर्यंत नेलं आणि तिथेच थांबले.

“एक विचारू, पोरी? तुझ्या आईसाठी तू भरला असतास का हा?”

मी आईच्या पाठीकडे बघितलं. निळसर साडी, मानेवरचा अंबाडा, त्यात कधीच नीट न बसणारी एक बट. ती एका जाड कादंबरीचं कव्हर दुमडत होती. तिने मागे वळून पाहिलं नाही.

“नाही,” मी म्हटलं.

“का?”

“काका, सही करू नका. हे काकूंनी लिहिलेलं नाही. मी लिहिलंय.”

काका हलले नाहीत. पेन तसंच हातात होतं.

“सगळं?”

“सगळं. माझं कामच ते आहे. नाव मी वजा नोंदवहीतून घेतलं. कडीचं वाक्य काकूंचं आहे, ते मी त्यांच्या अभिप्रायातून चोरलं.” चोरलं हा शब्द तोवर मनातसुद्धा मी वापरला नव्हता. तो तोंडातून बाहेर पडला आणि मग बाकीचं थांबेना. वेबसाइट कुणाची, नामप्रहरी कुणाची, अकोल्याच्या बाई, पुसलेल्या तक्रारी, दुसऱ्यांची नावं. “कागद यांना देऊ नका, काका. हा फॉर्म कुणालाच देऊ नका. बँकेतून कुणी बोलतोय म्हणालं तरी देऊ नका.”

माझं बोलणं संपलं तेव्हा काकांनी पेनचं टोपण लावलं आणि पेन माझ्यापुढे ठेवलं. रागावतील, उठून जातील, काहीतरी फेकतील असं मला वाटत होतं. मी त्याची वाटच बघत होते म्हणा ना.

“म्हणजे चोरांपासून राखायच्या नावाखाली,” ते हळू म्हणाले, “माझ्या बायकोचं नाव तूच पळवलंस.”

“हो.”

“मेलेल्या बाईचं.”

“हो, काका.”

बाहेरच्या रस्त्याने साखरप्याची गाडी गेली. काकांनी सवयीने मनगटावरच्या घड्याळात पाहिलं. मग म्हणाले, “ती कडीची ओळ. कुठे लिहिलीये म्हणालीस?”

“अभिप्रायांच्या वहीत.”

“वाचनालयात कुमू लिहायची? मला तर म्हणायची, पुस्तक बदलून येते आणि येताना भाजी आणते.”

मी उठून कपाटातून चौथी आणि पाचवी वही काढली. कडीची ओळ कुठे आहे ते मला तोंडपाठ होतं. मी वही त्यांच्यापुढे धरली. काकूंचं अक्षर बारीक आणि उजवीकडे कललेलं होतं. काकांनी चष्मा खाली घेतला आणि मोठ्याने वाचलं:

“‘दाराला कडी लावलेली असली की झोप लागते. कडी चांगली की वाईट हे मात्र चोर आल्याशिवाय कळत नाही. खुनी कोण ते मला पान ४० वरच कळलं होतं.’” त्यांनी माझ्याकडे बघितलं. “तू अर्धंच घेतलंस की.”

“दुसरं अर्धं कामाचं नव्हतं.”

“तेच तर कामाचं होतं, बये!”

मग आम्ही दोघं वह्या चाळू लागलो. मी नाव शोधायचं आणि त्यांनी वाचायचं. ‘पान ११२ वर थांबले. नायिका फार सोसते. मला घरी कामं आहेत.’ काका हसले. ‘कविता. दोनदा वाचल्या. दुसऱ्यांदा वाचताना दूध उतू गेलं.’ “हे खरं आहे,” ते म्हणाले, “पातेलं मी घासलं होतं. कारण विचारलं तर म्हणाली, लक्ष नव्हतं.” एका प्रवासवर्णनाखाली लिहिलं होतं: ‘लेखक जाईल तिथे जेवणाला नावं ठेवतो. आमच्या ह्यांच्यासारखाच.’ तिथे ते थांबले. चष्मा काढून धोतराच्या सोग्याने पुसला आणि ते वाक्य पुन्हा एकदा, या वेळी मनातल्या मनात, वाचलं.

एकूण एकोणीस अभिप्राय निघाले. काकांनी फॉर्म उलटा केला. मागची बाजू कोरी होती. खिशातली पेन्सिल काढून त्यांनी काकूंच्या ओळी त्यावर उतरवायला घेतल्या, पुस्तकाच्या नावासकट, तारखेसकट. मी सांगत गेले, ते लिहीत गेले.

पावणेचारला आई पहिल्यांदा उठली. “भाऊ, चहा टाकते,” एवढंच म्हणाली आणि आत गेली. तिने माझ्याकडे बघितलंही नाही. पण तीन कप आणले, आणि माझ्या कपात आलं जास्त होतं, मला आवडतं तसं.

चार वाजता लोक पुस्तकं बदलायला येऊ लागले. मी संगणकाशी बसून एकेक अभिप्राय काढायला सुरुवात केली. काकूंचा पहिला. सदतीस नावं मी वाचनालयातली वापरली होती. एकतीस निघाली तेव्हा केतनचा फोन आला.

“शलाका, तुझ्या लॉगिनवरून काय चाललंय? अभिप्राय उडतायत.”

“मी उडवतेय.”

“वेड लागलंय का? कुणी सांगितलं?”

“कुणी नाही. ही माणसं माझ्या गावची आहेत, केतन.”

“मग दुसऱ्या गावची घे ना!”

मी हसले असणार, कारण तो आणखी भडकला. पाच मिनिटांत माझा प्रवेश बंद झाला. सहा नावं तशीच राहिली. नोकरीही तिथेच संपली.

घरी जाताना मी आईला विचारलं, “तुला राग आलाय?”

“आलाय ना,” आई म्हणाली. “नावं किती?”

“सदतीस.”

“उद्यापासून एकेकाच्या घरी जायला लाग. काय केलंस ते सांग, ती सहा राहिलीत त्यांना तेही सांग. पत्ते मी देते, बरोबर येणार नाही. आणि त्या तक्रारी पुसल्यास म्हणालीस, त्यांचं काय?”

“माझ्या मेलमध्ये अकराही आहेत.”

“मग रत्नागिरीला सायबर पोलिसांकडे दे. ते लोक वाट बघत असतील.”

मी गेले. दीड महिना लागला. एका घरात मला उंबऱ्याबाहेर उभं ठेवलं. एकीने माझं बोलणं मध्येच तोडून विचारलं, आमच्या सासूबाईंच्या नावाने काय लिहिलंस ते तरी वाचून दाखव. आणि ऐकून म्हणाली, छे, त्या एवढं गोड कधी बोलत नसत. एका ठिकाणी कोकम सरबत मिळालं. अकोल्याच्या बाईंना मी फोन केला. त्या रडल्या, मग मला बोलल्या, मग माझ्याकडून कागद मागवून घेतले आणि पुढे वर्षभर त्या भांडणात मला वेळोवेळी हाकारत राहिल्या. ‘पारखून घ्या’ दीड वर्षाने बंद पडली. ती माझ्यामुळे पडली असं म्हणणं खोटं होईल. पण तिच्याविरुद्ध जमलेल्या कागदांत माझे अकरा होते.

त्यानंतर मी शाळेतल्या ग्रंथपालाची नोकरी धरली. त्या दुपारला आता नऊ वर्षं झाली. त्या बुधवारचं आईजवळ पुन्हा कधी निघालं नाही. मी मनाशी एवढंच धरून चालले होते की ऐन वेळी मला बुद्धी सुचली, आणि ती सुचली तेव्हा आई योगायोगाने पाठीमागे बसलेली होती.

आई या मार्गशीर्षात गेली. फार दिवस अंथरुणाला खिळली नाही. बारावं-तेरावं झालं, पाहुणे पांगले, आणि महिन्याभराने एका सकाळी रेडीजकाका आले. आता ते एक्याऐंशीचे आहेत. काठी टेकत, पायरी मोजत वर चढले, पाणी प्यायले, आईच्या फोटोकडे बघून घेतलं.

“तो बुधवार आठवतो तुला?”

“न आठवायला काय झालं, काका?”

“ते तू लिहिलंयस हे मला आधीच ठाऊक होतं.”

मला कळलं नाही. ते समजावून सांगितल्यासारखे बोलू लागले. “अगो, तारीख कळत नाही का मला? आयुष्यभर वेळा बघितल्या. वेबसाइटवर ते वाचलं आणि सोमवारी संध्याकाळी तडक तुझ्या आईकडे आलो. म्हटलं, बाई, माझ्या मेलेल्या बायकोच्या नावाने कुणीतरी धंदा करतंय, मी पोलिसांत जातो. तिनं तो कागद घेतला, वाचला आणि खाली बसली. म्हणाली, भाऊ, हे शलाकाचं काम आहे. कशावरून ते सांगितलं नाही. वहीचं मला तुझ्याकडूनच कळलं.”

“मग तो फॉर्म?”

“तो तिनं भरायला लावला. म्हणाली, बुधवारी दुपारी या, फाइल घेऊन या, तिच्यासमोर बसून भरा. तिला बोलायला जागा द्या. मी म्हटलं, एवढा खटाटोप कशाला, कान धरा पोरीचा आणि विचारा. तर म्हणाली, मी कान धरला तर ती माझ्या भीतीने बोलेल. तुमच्यासाठी बोलली तर ती सुटली.” काकांनी काठी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. “मी भयंकर चिडलेला होतो. म्हटलं, आणि नाहीच बोलली तर? मला काय, दोन दिवस नाटक करून गप्प बसायचं? तेव्हा तिनं हे लिहून दिलं.”

खिशातून त्यांनी एक कागद काढला. रेघांचा, घड्यांवर विरलेला. वाचनालयाचा शिक्का होता आणि आईचं अक्षर.

पोलीस निरीक्षकांना अर्ज होता. अर्जदार सुहासिनी बेंडल, ग्रंथपाल. सभासदांची नोंदवही माझ्या ताब्यात असते. माझी मुलगी शलाका हिने तीतील मयत सभासदांची नावे घेऊन इंटरनेटवर खोटे अभिप्राय लिहिले आहेत. वही राखण्यात कसूर झाली ती माझी, लिहिण्याचा अपराध तिचा. दोन्हींची चौकशी व्हावी. कुठे आडपडदा नव्हता, कुठे ‘लहान आहे’, ‘चुकली असेल’ नव्हतं. शेवटी एक वाक्य होतं: ‘श्री. रेडीज यांच्यासमोर बोलण्याची पुरेशी संधी मिळूनही तिने स्वतःहून काहीही सांगितलेले नाही.’ खाली बुधवारची तारीख आणि आईची पूर्ण सही.

“हे सोमवारी लिहिलं?” मी विचारलं.

“सोमवारी. माझ्या डोळ्यांदेखत. म्हणाली, चारपर्यंत बोलली नाही तर इथूनच ठाण्यावर जा, मीही येते. मी म्हटलं, बाई, बुधवार उजाडायचाय अजून, आणि तिनं काही सांगितलं नाही असं तुम्ही आधीच लिहूनही मोकळ्या? तर म्हणाली, अर्ज पुरा असावा, भाऊ. ते शेवटचं वाक्य खोटं पडेल. पडू दे.”

मी ते वाक्य पुन्हा वाचलं. आईने लिहिलेलं दुसरं खोटं वाक्य मला माहीत नाही.

“परत द्यायला गेलो तर घेईना,” काका म्हणाले. “ठेवा म्हणाली. मग ठेवला. आता मी किती दिवसांचा, म्हणून आणला. फाडून टाक हवा तर.”

“नको. राहू दे माझ्याकडे.”

कागद मी घडी मोडू न देता टेबलावर ठेवला. जिला काही सांगायचं होतं ती आई आता घरात नव्हती. मी उठले आणि वाकून काकांच्या पायांना हात लावला.

“अगो, मला कसला नमस्कार?” काका गडबडून पाय मागे घेऊ लागले. “मी आपला सांगितलं तसं बसलो होतो.”

“असू दे, काका,” मी म्हटलं, आणि खालीच बसून राहिले.